मॅनेजमेंट कार्डाचं पान उघडतं, कन्सोल मात्र उघडत नाही (आयड्रॅक, आयएलओ, सुपरमायक्रो वगैरे)

निळी_वायर, सोमवार सकाळी ९:१०

सर्व्हर डेल पॉवरएज आर७३०, त्यात आयड्रॅक ८ (सर्व्हर दुरून सांभाळायचं डेलचं मॅनेजमेंट कार्ड; एचपीचं ते आयएलओ), एंटरप्राइझ लायसन्स. सर्व्हर महापेला एका कोलोकेशनमध्ये (भाड्याच्या डेटासेंटरमध्ये) आहे, मी साताऱ्यातून वायरगार्ड व्हीपीएन लावून जोडते. आयड्रॅकची केबल स्वतंत्र मॅनेजमेंट स्विचवर, आयपी १०.२०.५.११.

कार्डाचं वेबपान उघडतं, लॉगिन होतं. तापमान, पंखे, दोन्ही पॉवर सप्लाय हिरवे दिसतात. पण व्हर्च्युअल कन्सोल (सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड ब्राउझरमधून) सुरू केला की नवी खिडकी येते, थोडा वेळ गोल फिरत राहतं आणि कनेक्शन तुटल्याचा निरोप येतो. जावाचा पर्याय निवडला तर नुसती जेएनएलपी फाइल (जावा प्रोग्राम सुरू करणारी) उतरते, तिच्यावर क्लिक करून काहीच होत नाही.

गेल्या आठवड्यात यात एनव्हिडियाचं कार्ड बसवलंय, त्याच सुमारास उबुंटू २२.०४ लिनक्सचं कर्नलही (सिस्टमचा गाभा) अपडेट झालं. शनिवारच्या रीबूटनंतर मशीन नेटवर्कवर येत नाही, एसएसएच (दुरून कमांड चालवायची सोय) बंद. त्यामुळे कन्सोल मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवात कुठून करू?

रॅकवाला, सोमवार सकाळी ९:३८

ताई, आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. उबुंटू नेटवर्कवर नसणं आणि कन्सोल न उघडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. मॅनेजमेंट कार्ड म्हणजे मदरबोर्डवर बसलेला दुसरा छोटा संगणक. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टम असते. वीज स्टँडबाय लाइनवरून मिळते, म्हणून सर्व्हर बंद असतानाही तो जागा असतो. मोठ्या मशीनवरचं काहीही बिघडलं तरी कन्सोलची खिडकी उघडलीच पाहिजे, मग आत काळं दिसो की निळं.

वेबपान उघडतं आणि कन्सोल उघडत नाही, तर दहातल्या आठ वेळा पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) अडलेलं असतं. वेबपान ४४३ वर चालतं. आयड्रॅक ८ चा कन्सोल डिफॉल्टने ५९०० वर बोलतो. व्हीपीएनच्या फायरवॉलमध्ये मॅनेजमेंटसाठी फक्त २२ आणि ४४३ उघडे ठेवायची पद्धत असते, तिथेच तुमचं अडलं असावं.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवा, आयपी आणि पोर्ट ५९०० देऊन. लिनक्सवर नेटकॅट, हायफन व्हीझेड. उत्तर कसं येतं ते बघा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पाकीट कार्डापर्यंत पोचलंय, पण तिथे ऐकायला कोणी नाही. म्हणजे कन्सोल सेटिंगमध्ये बंद आहे किंवा पोर्ट कुणीतरी बदललंय. काहीच न येता वेळ संपली तर मधे कुणीतरी पाकीट गिळतंय, म्हणजे फायरवॉल.

कन्सोल चालू आहे का हे कार्डालाच विचारता येतं. एसएसएचने आयड्रॅकवर शिरा आणि ‘रॅकॲडम गेट आयड्रॅक.व्हर्च्युअलकन्सोल’ चालवा. एनेबल, पोर्ट, प्लगइनटाइप, टाइमआउट या नोंदी छापून येतील.

सह्यकडा, सोमवार सकाळी ९:५५

इतर कार्डांची पोर्टंही इथेच लिहून ठेवतो, फायरवॉलवाल्याला एकदाच सांगता येतील. सुपरमायक्रोच्या जावा कन्सोलला ५९००, व्हर्च्युअल मीडियाला (दुरून जोडलेली सीडी वगैरे) ६२३ टीसीपी. आयपीएमआय (वेगवेगळ्या बनावटींच्या कार्डांशी बोलायची सामायिक पद्धत) ६२३ यूडीपीवर चालतं, तेव्हा नियमात टीसीपी आणि यूडीपी दोन्ही नीट लिहा. आयएलओ ४ ला १७९९० कन्सोल आणि १७९८८ मीडिया. जुन्या एएमआय फर्मवेअरवर (कार्डाच्या आतल्या प्रोग्रामवर) आणि इंटेलच्या आरएमएम कार्डावर ७५७८ चित्राला, ५१२० सीडीला, ५१२३ फ्लॉपीला. लेनोवो एक्ससीसी ३९००. सिस्कोच्या सीआयएमसीचं २०६८. नव्या एचटीएमएल५ कन्सोलांपैकी बरेच ४४३ वरूनच जातात. तिथे मधला प्रॉक्सी वेबसॉकेट (ब्राउझरचं सतत उघडं राहणारं कनेक्शन) जाऊ देत नसेल तर मात्र हेच लक्षण दिसतं: पान येतं, कन्सोल नाही.

निळी_वायर, सोमवार सकाळी ११:२०

वेळ संपल्याचंच उत्तर आलं. व्हीपीएन गेटवेवर ५९०० उघडलं, आता नेटकॅट जोडतंय. तरी क्रोममध्ये कन्सोल चालला नाही. फायरफॉक्समध्येही तेच.

रॅकवाला, सोमवार सकाळी ११:३१

आता सर्टिफिकेट. आयड्रॅक ८ चा एचटीएमएल५ कन्सोल ५९०० वर वेगळं टीएलएस (सुरक्षित) कनेक्शन उघडतो. ४४३ च्या स्वयंस्वाक्षरीत सर्टिफिकेटला तुम्ही ‘पुढे जा’ म्हणालात, ती परवानगी ब्राउझर त्या पोर्टापुरतीच धरू शकतो. ५९०० चं कनेक्शन पानाच्या पोटात होतं, तिथे इशारा दाखवायला जागाच नसते, म्हणून ब्राउझर मुकाट नाकारतो.

नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस, आयपी आणि शेवटी विसर्ग देऊन ५९०० असा पत्ता टाका. सर्टिफिकेटचा इशारा येईल, तो स्वीकारा. पुढे रिकामं पान किंवा चूक दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. मग कन्सोल पुन्हा उघडा. पॉप-अप अडवलेले नाहीत ना, तेही बघून घ्या.

आणि ओव्हरव्ह्यू, सर्व्हर, व्हर्च्युअल कन्सोल या पानावर प्लग-इन टाइप एचटीएमएल५ करून ‘अप्लाय’ दाबा. नुसतं निवडून ‘लॉन्च’ केलं तर जुनाच प्रकार चालतो.

पारा, सोमवार सकाळी ११:५०

सर्टिफिकेटवरून आठवलं. एकाच बनावटीची चार-सहा कार्डं असतील आणि सगळ्यांवर कारखान्यातलंच सर्टिफिकेट असेल, तर फायरफॉक्स कधी कधी ‘रीयूज्ड इश्युअर अँड सीरियल’ अशी चूक देतो आणि पुढे जायचं बटणच दाखवत नाही. दोन कार्डांचे सीरियल नंबर सारखे असल्यामुळे हे होतं. फायरफॉक्सच्या सर्टिफिकेट मॅनेजरमधून त्या आयपीची जुनी नोंद काढा. प्रत्येक कार्डावर नवं सर्टिफिकेट बनवलं तर कायमचा निकाल लागतो.

आयड्रॅक ९ वर आणखी एक अडचण आहे. ५.१०.००.०० आणि पुढच्या फर्मवेअरमध्ये होस्ट हेडर (ब्राउझरने मागितलेलं नाव) तपासला जातो. आयपी टाकलं तर पान उघडतं, पण तुमच्या डीएनएसमधलं नाव टाकलं तर ४०० बॅड रिक्वेस्ट. ‘रॅकॲडम सेट आयड्रॅक.वेबसर्व्हर.मॅन्युअलडीएनएसएंट्री’ आणि पुढे ते नाव दिलं की सुटतं. होस्टहेडरचेक शून्य करूनही भागतं, पण नाव नोंदवणं जास्त बरं.

निळी_वायर, सोमवार दुपारी १२:१५

५९०० चं सर्टिफिकेट स्वीकारल्यावर कन्सोल आला. पडदा मात्र पूर्ण काळा होता. पॉवर मेनूतून वॉर्म रीबूट केलं, तेव्हा डेलचा लोगो, मेमरीची तपासणी, रेड (डिस्कचा) कंट्रोलर सगळं दिसलं. ग्रब (बूट मेनू) गेल्यावर ‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’ ही ओळ आली आणि चित्र तिथेच गोठलं. पाच मिनिटं थांबले, पुढे काही नाही. मशीन अडकलंय का?

टर्मिनल७, सोमवार दुपारी १२:४०

बहुधा अडकलेलं नाही, तुम्हाला दिसत नाहीये एवढंच.

कन्सोलवर येतं ते बोर्डावरच्या छोट्या व्हिडिओ चिपचं चित्र. आर७३० वर ती मेट्रॉक्स जी२०० जातीची आहे, सुपरमायक्रो आणि इतर बऱ्याच बोर्डांवर एस्पीड. कार्ड त्या चिपच्या मेमरीतलं चित्र उचलून तुमच्याकडे पाठवतं. एनव्हिडियाच्या कार्डावर काय उमटतंय हे त्याला कळायचा मार्गच नाही.

बायोस संपेपर्यंत चित्र मेट्रॉक्सवर होतं, म्हणून लोगो दिसला. कर्नल उठलं, नूव्होने (लिनक्समधल्या एनव्हिडियासाठीच्या ड्रायव्हरने) एनव्हिडियाचं कार्ड ताब्यात घेतलं, त्याचा फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) शून्य क्रमांकाचा झाला आणि मजकूर तिकडे वळला. मेट्रॉक्सवर शेवटची ओळ गोठून राहिली.

आता एकदा बघण्यापुरतं असं करा. रीबूट करून ग्रबचा मेनू काढा. उबुंटूत तो लपलेला असतो, यूईएफआयमध्ये एस्केप आणि जुन्या बायोस पद्धतीत शिफ्ट. एस्केप एकदाच दाबा. लागोपाठ दाबलंत तर मेनू ओलांडून नुसतं ग्रबचं प्रॉम्प्ट येतं. आलंच तर ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर. मेनूत उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ काढा आणि शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा, म्हणजे ग्राफिक्सचे ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाहीत. कंट्रोल-एक्स दाबलं की बूट होईल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

नोमोडसेट नको असेल तर ‘एफबीकॉन=मॅप:१’ लिहून बघा, मजकूर दुसऱ्या फ्रेमबफरवर येतो. एनव्हिडियाचं कार्ड फक्त गणितासाठी असेल तर नूव्होला मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये घाला, अपडेट-इनिट्रॅमएफएस हायफन यू चालवा आणि एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरा.

लोगोही दिसला नसता तर दोष बायोसात शोधावा लागला असता. डेलवर इंटिग्रेटेड डिव्हाइसेसमध्ये ‘एम्बेडेड व्हिडिओ कंट्रोलर’ चालू हवा. सुपरमायक्रोवर प्रायमरी डिस्प्ले ‘ऑटो’वर असेल तर बाहेरचं कार्ड बसवल्याबरोबर चित्र तिकडे पळतं, तो ‘ऑनबोर्ड’ करून ठेवा. आणि हे कार्ड बसवण्याच्या आधी करा, नंतर सेटिंग बदलायला पडदाच नसतो.

मीठभाकर, सोमवार दुपारी १:०५

एचपीच्या डीएल मशीनवर चित्र नेमकं ऑपरेटिंग सिस्टम सुरू होताना बंद पडत असेल तर आधी आयएलओचं लायसन्स बघा. ॲडव्हान्स्ड लायसन्स नसेल तर कन्सोल पोस्टपर्यंतच (सुरुवातीच्या तपासणीपर्यंत) चालतो, पुढे पडद्यावर लायसन्सचा निरोप येतो. बिघाड समजून त्यावर दिवसभर डोकं लावलं जातं. डेलवर रॅक सर्व्हरला कन्सोलसाठी एंटरप्राइझ किंवा डेटासेंटर लायसन्स लागतं, बेसिक आणि एक्सप्रेसवर नाही.

दहा मिनिटांनी पडदा काळा होत असेल आणि कळ दाबल्यावर परत येत असेल तर ते लिनक्सचं टर्मिनल झोपतंय. कर्नलच्या ओळीत ‘कन्सोलब्लँक=०’.

निळी_वायर, सोमवार दुपारी २:२०

नोमोडसेटने लॉगिनचं प्रॉम्प्ट आलं! मशीन व्यवस्थित चालू आहे. पण आता टाइप करताना अक्षरं दोन-तीनदा उमटतात, ‘आर’ दाबलं की ‘आरआरआरआर’. पासवर्ड पाच वेळा चुकला. पासवर्डमध्ये ॲट आणि हॅशही आहेत.

टर्मिनल७, सोमवार दुपारी २:३५

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अक्षरं वाढतात ती नेटवर्कच्या विलंबामुळे. कळ दाबल्याचा आणि सोडल्याचा असे दोन निरोप जातात. सोडल्याचा निरोप उशिरा पोचला तर तिकडच्या मशीनला वाटतं कळ दाबलेलीच आहे आणि ते पुनरावृत्ती सुरू करतं. कळ झटकन दाबून सोडा, एका वेळी एक. लॉगिन झाल्यावर केबीडीरेट वापरून पुनरावृत्तीचा वेग कमी करा आणि विलंब वाढवा, बराच फरक पडतो. कंट्रोल किंवा ऑल्ट अडकून बसलीय असं वाटलं तर तीच कळ एकदा दाबून सोडा.

चिन्हं चुकतात ती कीबोर्डाच्या मांडणीमुळे. बहुतेक कन्सोल अक्षर पाठवत नाहीत, कळीचा क्रमांक पाठवतात. त्याचं अक्षर काय करायचं हे तिकडची ऑपरेटिंग सिस्टम ठरवते. तिकडे यूके मांडणी असेल तर ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते. खात्री करायची तर पासवर्ड युजरनेमच्या जागी टाइप करून डोळ्यांनी बघा आणि मग पुसून टाका, एंटर दाबू नका.

मराठी टाइप करणाऱ्यांनी कन्सोल उघडण्याआधी आपल्या लॅपटॉपवरची भाषा इंग्रजीवर आणावी. इनस्क्रिप्ट चालू राहिलं तर काही कन्सोल कळ ओळखतच नाहीत. विंडोजची ‘इंग्लिश इंडिया’ मांडणी असेल तर उजवी ऑल्ट रुपयाच्या चिन्हासाठी राखलेली असते, ती कंट्रोल-ऑल्ट अशी जाते. डावीच वापरा.

पारा, सोमवार दुपारी २:५०

एचटीएमएल५ कन्सोलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू कधीही दाबू नका. व्हिम किंवा शेलमध्ये शब्द पुसायची सवय असते हाताला, इथे ब्राउझर टॅबच बंद करतो. एफ११ नेही ब्राउझर पूर्ण पडदा करतो, डेलच्या बूट मॅनेजरपर्यंत ती कळ पोचतच नाही. कन्सोलच्या पडद्यावरचा कीबोर्ड किंवा मॅक्रो वापरा. आयड्रॅकच्या कन्सोलमध्ये ‘नेक्स्ट बूट’ मेनू आहे, त्यात बायोस सेटअप निवडून रीबूट केलं की एफ२ साठी टपून बसावं लागत नाही.

सह्यकडा, सोमवार दुपारी ३:१०

ज्यांना नुसता मजकूरच हवा आहे त्यांनी सीरियल ओव्हर लॅन आजच लावून घ्यावं, कळकळीने सांगतो. चित्र नाही, जावा नाही, माऊस नाही. साताऱ्यातल्या साध्या मोबाइल हॉटस्पॉटवरही ते सुरळीत चालतं, आणि आलेला मजकूर कॉपी करून इथे चिकटवता येतो.

डेलवर बायोसात सीरियल कम्युनिकेशनमध्ये ‘कन्सोल रीडायरेक्शन व्हाया कॉम२’ करा. कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवाय०’ आणि त्यानंतर ‘कन्सोल=टीटीवायएस१,११५२००एन८’. शेवटी लिहिलेला मुख्य ठरतो, हा क्रम महत्त्वाचा. मग आयड्रॅकवर एसएसएच करून ‘कन्सोल कॉम२’, बाहेर पडायला कंट्रोल-बॅकस्लॅश. सुपरमायक्रोवर आयपीएमआयटूल, इंटरफेस लॅनप्लस, आणि ‘सोल ॲक्टिव्हेट’. बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब. एसएसएचच्या आतून चालवत असाल तर टिल्ड दोनदा, नाहीतर बाहेरचं एसएसएचच तुटतं. आधीचं सत्र लटकलेलं असेल तर ‘सोल डीॲक्टिव्हेट’. आयएलओवर ‘व्हीएसपी’, बाहेर पडायला एस्केप आणि डावा कंस.

जुनंखोड, सोमवार संध्याकाळी ५:४०

आमच्याकडे आर७१० आहेत, आयड्रॅक ६. त्यात एचटीएमएल५ नाहीच, फक्त जावा. ‘कनेक्शन फेल्ड’ येतं. यावर काही उपाय?

रॅकवाला, सोमवार संध्याकाळी ६:१५

आहे, पण जावा सांभाळून वापरावी लागते. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा प्लग-इन काढलं. जावा वेब स्टार्ट जावा ११ पासून नाही, म्हणून जेएनएलपी उघडत नाही. जावा ८ बसवलं तरी नव्या अपडेटमध्ये जुने अल्गोरिदम बंद आहेत. एप्रिल २०१७ च्या अपडेट १३१ पासून एमडी५ या जुन्या पद्धतीची सही असलेल्या जार (जावा प्रोग्रामच्या) फाइली बिनसहीच्या धरल्या जातात, आणि एप्रिल २०२१ च्या अपडेट २९१ पासून टीएलएस १.० व १.१ बंद. जुनं कार्ड नेमकं तेच बोलतं.

एक मार्ग असा: जावा ८ च्या लिब, सिक्युरिटी फोल्डरमधली जावा.सिक्युरिटी ही फाइल उघडा. ‘टीएलएस.डिसेबल्डअल्गोरिदम्स’च्या ओळीतून टीएलएसव्ही१, टीएलएसव्ही१.१, आरसी४ आणि ३डीईएस काढा, ‘जार.डिसेबल्डअल्गोरिदम्स’मधून एमडी५ काढा. मग जावा कंट्रोल पॅनेलच्या एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये एचटीटीपीएससह कार्डाचा पत्ता टाका.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण मुख्य जावाला हात लागत नाही. जावा ७ अपडेट ८० ची प्रत एका फोल्डरमध्ये नुसती उलगडून ठेवा, सिस्टमवर इन्स्टॉल करू नका. जेएनएलपी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की एव्हीसीटीकेव्हीएम नावाची जार आणि तुमच्या सिस्टमसाठीच्या नेटिव्ह लायब्ररींची जार यांचे पत्ते दिसतात. दोन्ही उतरवा. लायब्ररीची जार झिपसारखी उलगडून ‘लिब’ फोल्डरमध्ये ठेवा. मग त्या जावाने मुख्य जार चालवा, लायब्ररी पाथ ‘लिब’ला लावून. आयपी, युजर, पासवर्ड आणि केएमपोर्ट व व्हीपोर्ट दोन्ही ५९०० असे द्या.

जेएनएलपी फाइल जपून ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका. कन्सोल सुरू करायची परवानगी तिच्यात थोड्या वेळासाठीच कोरलेली असते. दर वेळी नवी उतरवा. पोर्ट फॉरवर्ड करून आला असाल तर फाइलच्या आतला पत्ता कुठला आहे तोही बघा, बऱ्याचदा तिथे आतला आयपी असतो आणि तिथेच गाडी अडते. मधल्या मशीनवरून एसएसएच बोगदा काढायचा असेल तर ४४३ आणि ५९०० दोन्ही त्याच क्रमांकांवर काढा, क्रमांक बदलले तर कन्सोल चुकीच्या दारावर जातो. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टला रूटचा अधिकार लागतो.

मीठभाकर, सोमवार रात्री ९:००

सुपरमायक्रोवाल्यांसाठी. लॅनचे तीन प्रकार असतात: डेडिकेटेड, शेअर्ड आणि फेलओव्हर. फेलओव्हर असताना सर्व्हरला वीज दिली त्या क्षणी मॅनेजमेंटच्या पोर्टात लिंक नसेल तर कार्ड पहिल्या लॅन पोर्टवर जाऊन बसतं. वीज जाऊन आली, सर्व्हर स्विचच्या आधी उठला, की कार्ड भलत्या पोर्टवर आणि तुम्ही म्हणता कार्ड मेलं. वेगळी केबल ओढलेली आहे तर डेडिकेटेडच ठेवा.

शेअर्ड वापरत असाल तर सर्व्हर रीबूट होताना लिंक खाली-वर होते आणि कन्सोल तुटतो. स्विचवर पोर्टफास्ट नसेल तर स्पॅनिंग ट्रीचे (स्विच लूप आहे का तपासतो त्याचे) आणखी ३० सेकंद जातात, तोपर्यंत बायोसची कळ दाबायची वेळ टळलेली असते. त्या पोर्टवर एलएसीपीचं बाँडिंग (पोर्ट एकत्र जोडणं) केलंत तर कार्ड मधूनच गायब होतं. शिवाय त्याच सर्व्हरवरून स्वतःच्या कार्डाला पिंग सहसा लागत नाही, त्यावरून कार्ड बंद आहे असं समजू नका.

जुन्या कार्डांचं डेडिकेटेड पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं. स्विचचं पोर्ट गिगाबिटवर बांधून ठेवलं असेल तर लिंकच येणार नाही, ऑटो ठेवा.

निळी_वायर, मंगळवार सकाळी १०:०५

लॉगिन झालं. नेटवर्क का नाही ते सापडलं: १० गिगाबिट कार्डाचं नाव ईएनपी४एस०एफ० होतं, आता ईएनपी५एस०एफ० झालंय. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) जुनंच नाव आहे.

आणखी एक प्रश्न. खबरदारी म्हणून रेस्क्यू आयएसओ (दुरुस्तीच्या सीडीची फाइल) जोडून ठेवायचा होता. २ जीबीचा उबुंटू आयएसओ लॅपटॉपवरून मॅप केला, बूट इतकं हळू की सोडून दिलं.

टर्मिनल७, मंगळवार सकाळी १०:३०

मग कर्नलचा दोष नव्हताच. नवं पीसीआय कार्ड बसल्याने बसचे क्रमांक एकाने सरकले आणि क्रमांकावरून पडलेलं नावही सरकलं. नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’खाली मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) द्या आणि ‘सेट-नेम’ने कायमचं नाव द्या. पुढे कुठलंही कार्ड बसवा, नाव हलणार नाही. बदल करताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर तो जुन्यावर परत जातो.

आयएसओचं गणित सरळ आहे. सर्व्हर जे वाचतो ते तुमच्या लॅपटॉपवरून अपलोड होतं. २ जीबी म्हणजे १६,००० मेगाबिट, घरचा अपलोड १० एमबीपीएस असेल तर कागदावरच २७ मिनिटं. प्रत्यक्षात जास्त, कारण ब्लॉक एकेक करून मागितले जातात आणि प्रत्येक मागणीला व्हीपीएनचा फेरा पडतो. मधे कनेक्शन तुटलं तर सीडी सर्व्हरच्या हातातून निसटते. विंडोजचा सेटअप अशा वेळी ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ म्हणतो आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

आयएसओ सर्व्हरच्या शेजारी ठेवा. त्याच रॅकमधल्या दुसऱ्या मशीनवर एनएफएस शेअर (नेटवर्कवरचं फोल्डर) करा आणि आयड्रॅकच्या अटॅच्ड मीडिया पानावर रिमोट फाइल शेअरमध्ये आयपी, विसर्ग, पाथ आणि फाइलचं नाव द्या. लॅपटॉप बंद केला तरी जोडलेलं राहतं. तिथे अटॅच मोड ‘डिटॅच्ड’ असेल तर बायोसला व्हर्च्युअल सीडी दिसतच नाही, ‘ऑटो अटॅच’ करा. मग फर्स्ट बूट डिव्हाइसमध्ये व्हर्च्युअल सीडी निवडून ‘बूट वन्स’वर खूण. ती खूण विसरलात तर इन्स्टॉल झाल्यावर मशीन पुन्हा इन्स्टॉलरमध्येच जातं. शेजारी दुसरं मशीन नसेल तर नेटबूट डॉट एक्सवायझेडचा छोटा आयएसओ लॅपटॉपवरून चालवा, बाकीचं तो डेटासेंटरच्या लाइनवरून उतरवतो.

जुनंखोड, मंगळवार दुपारी १२:००

आणि कार्डच अडकलं तर? पिंग लागतो, पान अर्धवट येतं, लॉगिन होत नाही.

सह्यकडा, मंगळवार दुपारी १२:२५

‘कमाल सत्रं झाली’ असा निरोप असेल तर कार्ड ठीक आहे. लॉगआउट न करता टॅब बंद केले की सत्रं टाइमआउटपर्यंत अडून राहतात. एसएसएचने शिरून ‘रॅकॲडम गेटएसएसएनइन्फो’, आणि ‘क्लोजएसएसएन’ने ती मोडा.

खरंच अडकलं असेल तर ‘रॅकॲडम रॅकरीसेट’. तेही जमत नसेल तर ऑपरेटिंग सिस्टमच्या आतून: आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटएफ ही मॉड्यूल चढवा आणि ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ चालवा. यात पासवर्ड लागत नाही, कारण आतल्या बसवरून जातं. आयपी विसरलात तर ‘लॅन प्रिंट १’, एचपीवर चॅनेल २. पासवर्ड बदलायला ‘युजर लिस्ट’ बघून त्या क्रमांकाला ‘युजर सेट पासवर्ड’. आयपीएमआयमध्ये पासवर्ड २० बाइटांच्या वर जात नाही.

कार्ड रीसेट केल्याने चालता सर्व्हर बंद होत नाही. उठायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात घाईने दुसरा रीसेट देऊ नका. आर७१० च्या पुढच्या पिढ्यांत, म्हणजे आर६२०, आर७२० पासून, पुढच्या बाजूचं ‘आय’ बटण १५ सेकंदांहून जास्त दाबून धरलं तरी आयड्रॅक रीसेट होतो. पंखे जोरात फिरतील, ते अपेक्षितच आहे. यातलं काहीच लागू पडलं नाही तर सर्व्हर रीतसर बंद करून दोन्ही पॉवर केबली काढा, अर्धा मिनिट थांबा. एकच काढली तर स्टँडबाय वीज चालू राहते आणि कार्डाला काहीच कळत नाही.

पारा, मंगळवार दुपारी १:१०

निळी_वायर ताई, ५९०० उघडताना तो नियम फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांपुरताच आहे ना, हे आत्ताच तपासा. हे कार्ड सार्वजनिक आयपीवर ठेवणं म्हणजे रॅकची किल्ली रस्त्यावर टांगणं. आयएलओ ४ च्या २.५३ आधीच्या फर्मवेअरमध्ये लॉगिनला पूर्ण बगल देता येत होती, सीव्हीई-२०१७-१२५४२ (त्रुटीचा नोंद क्रमांक). एएमआयच्या मेगारॅक फर्मवेअरमधली सीव्हीई-२०२४-५४०८५ मार्च २०२५ मध्ये उघड झाली, तिला १० पैकी १० गुण आहेत, आणि जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. शिवाय आयपीएमआय २.० च्या रचनेतच असं आहे की युजरचं नाव माहीत असलं की कार्ड लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधायचा प्रयत्न करता येतो) देऊन टाकतं. फर्मवेअर बदलून तो दोष जात नाही. आयपीएमआय ओव्हर लॅन वापरत नसाल तर बंद ठेवा.

रूट-कॅल्व्हिन, ॲडमिन-ॲडमिन, यूझरआयडी आणि शून्यवाला पासवर्ड ही जुनी डिफॉल्ट खाती अजून चालू असतील तर आज बदला.

निळी_वायर, मंगळवार दुपारी ४:४५

नियम सगळ्यांना उघडा होता. आता फक्त वायरगार्डच्या पत्त्यांना. कॅल्व्हिन बदललं, आयपीएमआय ओव्हर लॅन बंद केलं.

नेटप्लॅनमध्ये मॅक लावला, ‘ट्राय’ करून होकार दिला, एसएसएच परत आलं. नूव्हो ब्लॅकलिस्ट करून नोमोडसेटशिवाय रीबूट केलं, कन्सोलवर लॉगिनपर्यंत सगळं दिसतंय. कॉम२ वरून सीरियलही लावलं. सह्यकडा, तुमचा क्रम बरोबर होता: टीटीवायएस१ आधी लिहिलं तेव्हा बूटचे संदेश आयड्रॅकच्या पडद्यावर येत होते आणि सीरियलवर फक्त लॉगिनचं प्रॉम्प्ट. उलट केल्यावर सुरुवातीपासून सगळं एसएसएचमध्ये आलं.

सह्यकडा, मंगळवार संध्याकाळी ५:०२

छान. आता ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्येही ‘ग्रब टर्मिनल’ सीरियल आणि कन्सोल असं दोन्ही लिहा, सीरियल कमांडमध्ये युनिट १ आणि वेग ११५२०० द्या आणि अपडेट-ग्रब चालवा. नाहीतर कर्नल दिसेल, पण जुनं कर्नल निवडायचा मेनू सीरियलवर येणार नाही.